बारा ते पाच

फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद :
कुणी कुणाला फोन करायचा त्याची साखळी.
मला डार्लीनचा येतो.
मी तिघींना करते : येसेनिया, मिसेस ओस्ट्रोव्स्की,
आणि कोपऱ्यावरची ब्रियाना,
एकोणीस वर्षांची, पोटुशी.
घैसास हे आडनाव डार्लीनला नऊ महिन्यांत जमलं नाही.
'गाय-सॅस' म्हणते.
मी ओ देते.

निरोप बहुतेक फुटकळच.
तिकडे धुळीचं वादळ, टपाल आठवडाभर उशिरा.
मोजे पाठवा, चॉकलेटं नकोत, वितळतात.
शनिवारी चर्चच्या तळघरात खोकी भरायची आहेत,
चिकटपट्टी आपापली आणा.
मी मेतकूट घातलं, दुहेरी पिशवीत.
शार्दूलने कळवलं : आई, सार्जंटला वाटलं स्फोटक.
कुत्र्याने हुंगलं आणि शिंकला.

मंगळवारी डार्लीनने माझं नाव घेतलंच नाही.
थेट वाचायला लागली, एका सुरात :
'तळावरचे फोन आणि इंटरनेट काही काळ बंद आहेत.
याहून अधिक माहिती नाही.
कृपया विचारू नये.'
मग म्हणाली, लिहून घेतलंस ना, जसंच्या तसं?

फोन का बंद करतात
ते वॉटरटाउनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
कुणाच्या तरी दारात
बातमीच्या आधी माणसं पोचायला हवीत.
दोघं. गणवेशात.

येसेनिया नुसतं 'ओके' म्हणाली.
मागे नळ वाहत होता, तो तिने बंद केला नाही.
मिसेस ओस्ट्रोव्स्की म्हणाल्या, तुला कळलंय काहीतरी, खरं सांग.
मी म्हटलं, कागदावर एवढंच आहे.
ब्रियानाला मात्र तोंडून निघून गेलं, 'बाळा',
आणि पुढचं इंग्रजीत वाचलं.
सगळं ऐकून तिने विचारलं,
पहिल्या शब्दाचा अर्थ काय?

रात्री बारा ते पहाटे पाच
ती माणसं दार वाजवत नाहीत, असा नियम आहे म्हणे.
म्हणून बाराला दिवा मालवला.
पाचापर्यंत माझा मुलगा जिवंत होता,
नियमाने.
पाचला उठून गाऊन बदलला, केस विंचरले.
असल्या माणसांना गाऊनवर दार उघडू नये.
आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले,
पायांत बर्फाचे बूट घालून, का ते माहीत नाही.

सहाला बर्फ लोटणारी गाडी गेली.
सातला एक निळी मोटार आली,
आमच्या पत्रपेटीपाशी मंदावली.
मी मनात म्हटलं, पुढे जा.
पुढे कुठे, ते म्हटलं नाही.
पुढे चारच घरं आहेत आमच्या रस्त्याला,
त्यातल्या एकीचा नंबर मला पाठ आहे.
मोटार टोकाशी वळली आणि परत गेली.
वाट चुकली असावी.
मी तेच पुन्हा म्हटलं असतं.

गुरुवारी फोन उघडले.
आई, मीच. दोन मिनिटं आहेत.
मी कोण रे, असं विचारायचं ठरवलं होतं,
विचारलं, जेवलास का?
तोही 'हो' म्हणाला, आणि मग बराच वेळ
आम्ही दोघांनी ती दोन मिनिटं नुसती ऐकली.

डार्लीनकडे खिचडीचा डबा घेऊन गेले.
तिने दार उघडलं, गाऊनवर.
त्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं होतं
जसंच्या तसं, एकही शब्द न चुकता,
फोन खाली ठेवला होता,
आणि बेल वाजली होती.
डबा घेतला. गरम आहे, म्हणाली.
तिच्या हातात तो बराच वेळ तसाच होता.

पुढच्या आठवड्यात नवा कागद आला.
साखळी पुन्हा जोडलेली, सांधा दिसत नाही.
आता मला कुणा मार्गारीटाचा फोन येतो.
चांगली आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली,
तुमचं आडनाव नीट कसं म्हणायचं ते सांगा,
मी चुकवणार नाही.

मी सांगितलं :
गाय-सॅस.