खंड

पदव्युत्तर शिष्यवृत्ती, नियम पाच, पोटनियम आ:
अर्जदाराचे राज्यात सलग दहा वर्षे
अखंड वास्तव्य असावे.

येरवड्याच्या कचेरीत रणपिसे बाई
माझ्या पासपोर्टची पानं
बोटाला थुंकी लावून उलटतात.
"मस्कत. तीन वर्षं सात महिने.
इथे खंड पडलाय बघ."

खंड म्हणजे फट, हे कबूल.
पण पाचवीच्या भूगोलात
खंड म्हणजे केवढी तरी जमीन होती,
जिच्यावर माणसं राहतात,
बाप गोदीत जहाजांची पोटं रंगवतो,
आणि पोरगी शुक्रवारी फोनवर
बोपोडीच्या आत्याला विचारते,
फाटक अजून तसंच तुंबतं का गं?

घरपट्टी भरत होतो, बाई.
वीजबिलं जोडलीत, सगळी, तारखेनुसार.
"पावत्या राहिल्या इथे," त्या म्हणाल्या,
"तू कुठे राहिलीस?"

मागे कुणीतरी खोकलं.
खिडकीच्या गजाला बांधलेलं पेन
सुतळी पुरेल तेवढंच लिहितं;
माझी सही रकान्याच्या अलीकडेच संपली.

मग बाईंनी चष्मा वर सरकवला,
कानामागची पेन्सिल काढली,
शेऱ्याच्या जागी बारीक अक्षरात लिहिलं:
वडिलांच्या नोकरीमुळे तात्पुरती अनुपस्थिती.
"साहेबांना खोडायचं तर खोडतील.
प्रतिज्ञापत्र आण, दीडच्या आत.
आणि आडनाव नीट लिही, गुंजाळमधला ळ
ल दिसतोय."

पेन्सिलच होती,
तरी मी त्या ओळीवर
शाई वाळवतात तशी
हळूच फुंकर मारली.