खुंट

दोन नंबरचा माग तिरका चालायला लागला
तेव्हा कळलं, लिंब शेडखाली आलाय.
टॉवेलची किनार बोटभर सरकत होती.
पाणसळ ठेवली तर बुडबुडा
भिंतीकडं पळाला.

मौलालीनं एका सकाळीत झाड आडवं केलं,
जळण बेकरीला गेलं.
मी खुंटावर बसून चहा प्यालो.

पंधरा दिवसांत खुंटाला मिशी फुटली.
तांबूस, कोवळी, तोंडात टाकावी अशी.
खुडली. परत आली.
कुऱ्हाडीनं तासली. दुप्पट आली.

मग जो तो सांगायला लागला.
भोकं पाडून मीठ भर, म्हणाला कांडीवाला.
हिंग आणि ताक, म्हणाली सासू,
ताक आंबट पाहिजे आणि दिवस अवसेचा.
डिझेल. ॲसिड. टायर ठेवून पेटव.
मी सगळं केलं, टायर सोडून.
खुंटानं मीठ खाल्लं, हिंग पचवला,
आणि चैतात पुन्हा पानं.

बाळीवेशीतल्या औषधाच्या दुकानात शिवपुत्र म्हणाला,
तुमी मधोमध ओतताय, तिथं चुकतंय.
मधला भाग कधीच मेलेला असतो,
ते नुसतं हाड, उभं राहण्यापुरतं.
जीव असतो सालीच्या आत, कडेला,
त्या बारीकशा ओल्या कड्यात.
आणि उन्हाळ्यात नका लावू,
रस तेव्हा वर चढत असतो.
गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला लावा.
झाड त्या दिवसांत वरचं सगळं मुळांना धाडतं,
पुढच्या सालाची बेगमी.
त्यात आपलं मिसळायचं.
ताजा काप घ्या, पाच मिनिटांच्या आत लावा,
उशीर झाला की ते जखम मिटवून घेतं.

हे त्यानं बिल फाडता फाडता सांगितलं.

कोंभ वर्षभर वाढू दिले.
संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वीज नव्हती, माग बंद.
चार बोटं खाली नवा काप घेतला
आणि कडेकडेनं ब्रश फिरवला,
जेवणाच्या ताटाभोवती रांगोळी ओढावी तसा.
वर काळं प्लास्टिक, त्यावर वीट.

शिमग्याला गप्प. पाडव्याला गप्प.
फरशी उकरली, मागाचा पाया नव्यानं भरला,
किनार सरळ उतरली.
बायकोला म्हणालो, जमलं.

वैशाखात भिंतीपलीकडं
पोचम्मा गुर्रमचा लिंब वाळायला लागला.
शेंड्याकडून नाही. एका अंगानं. माझ्या अंगानं.
नवी पानं आली ती चिमटलेली, दोऱ्यासारखी, पिवळी.
त्याच्याखाली ती सूप मांडीवर घेऊन बसते
बत्तीस वर्षं, दिवसाला हजार विड्या.
आषाढात त्याचेच डहाळे
देवीच्या घागरीला बांधते.
ते झाड कुणी लावलं नव्हतं.
भिंत घातली तेव्हा तिथं नुसता एक कोंभ होता,
आपोआप आलेला, म्हणून देवीचा,
असं तीच सांगायची.

आपोआप.

मी वीट काढली, प्लास्टिक उचललं.
मांडीएवढं एक मूळ
सरळ भिंतीखाली गेलं होतं.
इतकी वर्षं मी त्यालाच सायकल टेकवत होतो.

परवा तिनं भिंतीवरून हाक मारली.
सूप आता घराच्या सावलीत सरकलंय,
ती सावली अकराला संपते.
ऊन फार यंदा, म्हणाली,
सोलापूरचं ऊन झाडालाही सोसंना झालंय.
मौलालीचा नंबर दे.
आणि तुझ्या खुंटाला काय लावलंस
तेही दे थोडं,
पुन्हा फुटायचा घोर नको.

बाटली कपाटात आहे. निम्मी.

म्हणालो, तुझ्याला काही लावायला लागणार नाही.

का रे? ती म्हणाली.

दोन नंबरचा माग चालू होता.
ऐकू आलं नाही, असं दाखवता आलं.