थांबा हं, विचारून सांगते

वडगावात मागाच्या गल्लीत मुलाखत घेऊ नये.
माझ्या रेकॉर्डरात चोपन्न मिनिटं माग आहेत
आणि मागांच्या फटींतून अधूनमधून
भागीरथी कडोलकर.

मी विचारते, धंद्यातले निर्णय कोण घेतं?
खटक-खटक, खटक-खटक.
ती काहीतरी म्हणते, आठही बायका हसतात.
घरी येऊन मी लिहिते: ऐकू येत नाही.

सहा यंत्रमाग, त्यातले दोन भाड्याचे.
दारावर पाटी: यल्लाप्पा अँड सन्स.
सन्स नाहीत.
तीन मुली आहेत, थोरली जीएसटी भरते.
यल्लाप्पा आहेत, वर गच्चीत,
कबुतरांना ज्वारी टाकतात
आणि सुताचा भाव विचारला तर
अगदी मनापासून म्हणतात, तिला विचारा की.

इचलकरंजीहून फोन.
"मालकांना द्या."
"थांबा हं, विचारून सांगते."
तळव्यानं फोनचं तोंड दाबून
ती छताकडे बघत मोजते
ओंदु, एरडु, मूरु
(मोजायचं कन्नडात, रागवायचं मराठीत,
बिल इंग्रजीत,
आणि उधारी मागायची हिंदीत,
म्हणजे आपल्या तोंडची वाटत नाही)
नाल्कु, ऐदु
पुढं मी विसरते, ती विसरत नाही
हत्तु.
"मालक नको म्हणतात. साडेपाचशेच्या खाली नको."
पलीकडचा मऊ पडतो.
बाईशी घासाघीस करता येते,
फोनवर न आलेल्या माणसाशी काय करणार?

याला मी एक लांबलचक नाव दिलंय.
तक्ता क्रमांक सात.

लायसनचा कागद कन्नडातला, त्यावर मालीकरु.
बाई की बाप्या, त्या शब्दावरून कळत नाही.
आपल्यात मालकीण म्हटलं
की लोक तिच्या मागं वाकून
मालक कुठे दिसतो का बघतात.
हे सुचलं तेव्हा मी फार खूष झाले,
बसमध्ये उभी होते तरी
चन्नम्मा सर्कलपर्यंत खूष.

निंगव्वा कांड्या भरते. पस्तीस वर्षं,
त्यातली वीस घरच्या मागावर,
म्हणजे फुकट.
माझ्या वहीत डोकावून म्हणाली,
"काय लिहूलालाय एवढं?
पुस्तकावर नाव तुमचं काय?"
म्हटलं, दोघांचं. आधी आमच्या सरांचं.
"सर आलेले काय हिकडं?"
नाही.
"बरं," म्हणाली
आणि धागा दातानं तोडला.

त्या बरंसाठी माझ्याकडे रकाना नव्हता.
रात्री सरांना मेल लिहायला बसले,
तिसऱ्या अध्यायाबद्दल, खरं तर नावाबद्दल.
आपल्याला योग्य वाटेल तसं, असं लिहिलं,
खोडलं, पुन्हा तेच लिहिलं,
पाठवलं नाही. मसुद्यात आहे.

शेवटच्या मंगळवारी सव्वातीनला करंट गेला.
माग एकेक करत थांबले,
शेवटचा जरा हटून बसल्यासारखा दोनदा जास्त हलला.
गल्लीत पहिल्यांदा ऐकू आलं,
लांब कुणाचा तरी कुकर,
कांडीवरून घरंगळलेलं सूत,
वर पंखांची फडफड.
मी घाईनं रेकॉर्डर पुढे सरकवला.
इतकी चांगली शांतता परत मिळणार नव्हती.
आता सांगा, धंद्यातले निर्णय कोण घेतं?

भागीरथीनं छताकडे बघितलं.
निंगव्वानं भागीरथीकडे.
"आत्ता नको," ती हळूच म्हणाली,
"वर ऐकू जातंय.
करंट येऊ दे की."

मग तिनं चहा टाकला.
एक कप वर गेला, दहा खाली.
रेकॉर्डिंगमध्ये ती बावीस मिनिटं अगदी स्वच्छ आहेत,
बशा, घोट, कबुतरं.
आणि मग खटक,
खटक-खटक,
आणि ती बोलायला लागते.