पाव इंच

भुसावळात मे महिन्यात मी लाकडाचे कोपरे
पंचेचाळीस अंशांत कापते
आणि दाराबाहेर सावलीतही तेवढेच अंश असतात.

दुकान बापाचं. देव, लग्नं,
आणि गेलेल्यांचे फोटो, हारासाठी खिळ्यासकट.
समुद्र एकदाच आला,
खताच्या गोणीत गुंडाळून, रिक्षातून.

द्वारकाबाई नेहेते. हात धुतलेले,
तरी नखांत निळा राहिलेला.
"समुद्राले काच नको लावू वं बाई. वारा अडतो."
म्हटलं, काकू, दीपनगरची राख बसेल.
"बसू दे. वाळूच दिसीन."

शंभर आगाऊ. पावती दोनशे बारा.
मग त्या आल्या नाहीत.

मी समुद्र पाहिलाय, शाळेच्या सहलीत.
बसमध्ये झालेली उलटी आठवते, समुद्र नाही.
हा तसा नव्हताच.
याचा हिरवा केळीच्या पानाचा,
लाटांच्या कडा चिरलेल्या,
वारा पान फाडतो तशा, पार शिरेपर्यंत.
लांबचं पाणी हतनूरच्या धरणासारखं गप्प,
आणि क्षितिज उजवीकडे जरा उतरलेलं,
मध्येच कुकरची शिट्टी झाल्यासारखं.
होडी नाही. पक्षी नाही. माणूस नाही.

ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, चूक आहे,
सावल्या दोन दिशांना पडल्यात.
पानवाल्याचा पोर त्याच्यापुढे बसून डबा खायचा.
इथं गार लागतं, म्हणायचा.
मला मात्र संध्याकाळी शटर ओढताना वाटायचं,
नळ चालू ठेवून निघालेय.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी पावती घेऊन आले
पंडित नेहेते, मालगाडीचे गार्ड, निवृत्त.
"तिच्या पाकिटात सापडली."
सिग्नलकडे बघावं तसे बघत राहिले.
"पानी येऊ रायलं का जाऊ रायलं?"

मी काय सांगणार.

"पास निघायचा दरसाल, मुंबईपर्यंत.
माझी ड्युटी इगतपुरीले संपे.
मी म्हणे, पुढच्या साली."

फ्रेम चारी बाजूंनी चित्राचा पाव इंच खाते.
हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही.
पण खालच्या कडेला, नेमकं पट्टीखाली जाईल तिथं,
बूट होते.
काळे, चिंचोक्याएवढे, वाळूत शेजारी शेजारी,
टोकं पाण्याकडे.
पट्टी घातली असती तर अर्धे बुडाले असते.

मी बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढला,
पुसला, पुन्हा घातला.
"माझेच."
मग बऱ्याच वेळानं,
"ही दुहेरी गाठ मी नाही मारत.
रात्रपाळीले ती मारे. मी बसल्या बसल्या झोपेत."

रस्त्यावरून केळ्यांचा ट्रक गेला, काचा थरथरल्या.
त्या चित्राला काच नव्हती.

मी तीनच पट्ट्या जोडल्या. तळ उघडा ठेवला.
बाप असता तर ओरडला असता.
रिक्षात त्यांनी ते मांडीवर आडवं धरलं,
काठोकाठ भरलेलं पातेलं धरावं तसं,
आणि रिक्षावाल्याला म्हणाले, सावकाश.

उरलेले दोनशे ऐंशी मी मागायला विसरले.
ते तिसऱ्या दिवशी घेऊन आले,
चप्पल उंबऱ्याशी काढून.
"येऊच रायलं," म्हणाले. "रात्री पाहिलं."

नोटा दमट होत्या.
श्रावण होता, त्यामुळे असेल.