दोन खिळे

चौथा दिवस, आणि अजून त्याच ओळीवर:
‘सभा घेण्याचं स्वातंत्र्य राहील, कायद्यानुसार.’
की ‘कायद्यानुसार, सभा घेण्याचं स्वातंत्र्य राहील’?
लिस्बनहून आलेले म्हणाले, फरक आहे.
बीजिंगहून आलेले हसले. फरक नाही.
‘नाही, तर अडता कशाला?’
‘नाही, तर बदलता कशाला?’
झाकणाच्या कपांतून चहा, एकाच बाजूला कॉफी,
आणि टेबलाच्या अरुंद टोकाला मी,
माझी खुर्ची कुणाच्याच रांगेत नाही.
दोघांचं दोघांना सांगायचं
आणि सांगताना कुणाचाच आवाज चढू द्यायचा नाही,
याचे पटाके मिळायचे मला, महिन्याच्या महिन्याला.

संध्याकाळी आतल्या बंदराच्या गल्लीत
लेओंग हाँग-काय यांचा छापखाना.
लग्नपत्रिका, सुक्या मासळीची लेबलं,
मागे शिशाच्या खिळ्यांचे खण, आता कुणी न उघडणारे.
ते विचारायचे नाहीत. मी सांगायचे नाही, शपथ होती.
त्या दिवशी मात्र मी एवढंच म्हटलं,
एका शब्दाला जागा मिळत नाहीये.
त्यांनी न बघता एका खणात हात घातला,
दोन खिळे माझ्या तळहातावर ठेवले:
‘कायद्यानुसार’. आमच्याकडे दोन अक्षरांत होतं ते.
कडा गेलेल्या. बोटाला गुळगुळीत.
‘सगळ्यात जास्त झिजलेले हेच,’ म्हणाले,
‘माझा अंक बंद केल्याची नोटीस
मलाच छापायला लावली होती. सहासष्ट साली नव्हे, त्याच्याही आधी.
तुमच्या राज्यात, नातेर्सियाबाई.’

तुमच्या. माझी आजी याच गल्लीत मासळीवरून भांडायची,
पण आडनाव शावियेर, पासपोर्ट तिकडचा.
मी काही बोलले नाही.

पाचव्या दिवशी, जेवणाआधी, तोड निघाली:
‘सभा घेण्याचं स्वातंत्र्य, कायद्यानुसार, राहील.’
दोन स्वल्पविराम. सगळे उभे राहिले, फोटो झाला.
फोटोत माझी कोपरापासूनची बाही आहे.

राजपत्र आलं तेव्हा लेओंगनी चष्मा वर सरकवून
त्या दोन स्वल्पविरामांवर नख ठेवलं.
‘दोघांनीही आपापलं दार उघडं ठेवलं.
राहायचं आम्ही, मधल्या खोलीत.’
मग शाई कमी लागते म्हणून कागदाची तारीफ केली.

झेंडे बदलले त्या रात्री थंडी होती.
मी आठवड्याने निघाले. ते धक्क्यावर आले नाहीत,
मुलाच्या हाती काडेपेटी पाठवली.

लिस्बनला यंत्र वाजलं.
पोलीस पोरसवदा, झोपेत असलेला, त्याने पेटी उघडली,
दोन खिळे उलटेपालटे केले,
उजेडात धरले. हे काय?
वीस वर्षं मी प्रत्येक गोष्टीला शब्द पुरवले होते.
शिसं, म्हटलं. वापरलेलं.
त्याने पेटी मिटली. जा, म्हणाला.