मेलेल्यांचा रकाना

रेडकरांच्या नर्सरीत मी हजेरी लिहिते.
वेंगुर्ल्याहून तुळशीकडे जाताना उजव्या हाताला,
हिरव्या जाळीखाली माझं टेबल,
एक पाय आखूड, त्याखाली करवंटीचा तुकडा.

वहीला पाच रकाने.
नाव, बांधलेली, जगलेली, मेलेली, रुपये.
चौथा रकाना बापू रेडकरांनी स्वतः आखला,
लाल पेनने.

एका कलमामागे दोन रुपये चाळीस पैसे.
त्यात कोयीचं तांबूस, कोवळं रोप वीतभर उंचीवर छाटायचं,
मधोमध चीर द्यायची,
हापूसची काडी दोन्ही अंगांनी पाचरीसारखी तासायची,
सालीला साल भिडवायची,
पट्टीचं एक टोक दातात धरून
खालून वर आवळत न्यायची,
वर प्लॅस्टिकची टोपी.
मथुरा आरोंदेकरणीला दीड मिनिट लागतं.
मी एकदा करून पाहिलं.
अंगठ्याला तीन टाके पडले, कलम एकही झालं नाही.

दिवसाला तीनशे.
म्हणजे सातशे वीस रुपये,
म्हणजे कागदावर.
पैसे बांधल्याचे नाहीत, जगल्याचे.
चाळीस दिवस थांबायचं आणि मग मोजायचं.
न्हावी कधी केस परत उगवेपर्यंत थांबलाय?

हंगाम दोन-अडीच महिन्यांचा.
मग ती काजूच्या फॅक्टरीत बी सोलते,
चिकानं काळी पडलेली बोटं
पुढच्या आषाढापर्यंत साफ होत नाहीत.
म्हणून तिची कलमं ओळखू येतात,
टोपीच्या आत अंगठ्याचा पुसट डाग.

गेल्या साली सात नंबरच्या वाफ्यात
दोनशे अकरा मेली.
मी गुणाकार केला, पाचशे सहा रुपये चाळीस पैसे.
वजा केले. माझं कामच ते.

दुपारी ती आली, जेवायची सोडून.
वाफ्यात उकिडवी बसली,
मेलेल्यांच्या पट्ट्या एकेक करून कापत गेली
आणि काड्या माझ्या टेबलावर ओळीनं मांडल्या.
चाळीसेक असतील. वही झाकली गेली.
"बाय, घाव बघ माझो. साफ आसा मां?
काडी सुकलेली होती. बोचक्यातच सुकली.
जीप चार दिसांनी इली,
त्येचो हिशोब कोण देतलो?"

मी घाव पाहिला.
सुरीनं केलेलं असं सरळ काही
मी फक्त सुताराच्या हातचं पाहिलंय.

बापू आले. एक काडी उचलली,
नखानं साल खरवडली, आत हिरवं नव्हतं.
बराच वेळ ते जीपकडे बघत राहिले,
जणू ती काही बोलेल.
"बरां," म्हणाले, "अर्धे देतंय."

"अर्धां कलम जगता काय?"

हे तिनं ओरडून नाही विचारलं.
खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.
पलीकडच्या वाफ्यात शेवंती कांबळीच्या तोंडातली पट्टी
तशीच लोंबत राहिली.

पूर्ण पैसे मिळाले.
मी लाल रकान्यातला आकडा खोडला,
खोडलेलं दिसेल असं खोडलं.

यंदा दर दोन तीस.
सगळ्यांनाच. डिझेल वाढलं म्हणे.
बापूंनी सांगितलं, मी लिहिलं,
समोर उभ्या मथुरेनं उलट्या बाजूनं वाचलं.
तिला वाचता येतं हे मला तेव्हा कळलं.

ती काही बोलली नाही.
संध्याकाळी जीप आली तेव्हा मात्र
सगळ्यांच्या आधी उठली, बोचकं सोडलं,
एक काडी बोटांत धरून हळूच वाकवून पाहिली,
वास घेतला,
आणि माझ्याकडे वळून म्हणाली,
"तारीख लिही. आणि कधी तोडली ती इचार ड्रायव्हराक."

त्यासाठी वहीत रकाना नव्हता.
समासात लिहिली.