पाचवा प्रश्न

फॉर्म मी पुण्यात बनवला होता, पंख्याखाली बसून.
चाळीस प्रश्न. पाचवा :
तुम्ही काही काम करता का?
खाली दोन चौकोन, होय आणि नाही.

विडी घरकुलात पहिल्या दिवशी
एकसष्ट मुली नाही म्हणाल्या.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
कात्री चालूच,
आणि मी खुणा करत गेले : नाही, नाही, नाही.

श्रावंती बोल्ली, अकरावी, वय सोळा,
प्रशिक्षणाला मागं बसलेली.
म्हणाली, मॅडम, हे खोडू का?
काम तर आई करते.
कार्ड आईचं, मजुरी आईच्या खात्यात.
आम्ही नुसतं बसतो तिच्याजवळ.

खोडलं. वर लिहिलं, जरा तिरकं :
काल झोपायच्या आधी किती?
काय किती, ते लिहिलंच नाही.
गल्लीत कुणी विचारलंही नाही.

मराठीत मला नाही म्हणालेली मुलगी
तिला घरच्या भाषेत म्हणाली,
मूडु वंदलु.
तीनशे.

मग नाझमीननं एक घुसडला :
पाळी आणि पाण्याचा वार एकाच दिवशी आला
तर शाळा की घागर?
मला हा सुचला नसता.
माझ्याकडं नळ फिरवला की पाणी येतं,
इथं चार दिवसांआड, तेही पहाटे.

मल्लिनाथ फारसा बोलायचा नाही.
पोरांना मावा दिवसातून कितीदा विचारताना
आधी स्वतःचा आकडा सांगायचा.
त्याचे फॉर्म सगळ्यात खरे निघाले.

आणि माझा एकोणिसावा, चक्कर येते का,
ज्याला कुणीच हो म्हणत नव्हतं,
त्याचं तिघांनी मिळून केलं :
प्रार्थनेला उभी असताना कुणाचा खांदा धरतेस?
उत्तरांत नावं आली.
वैष्णवीचा. मेघाचा. रुक्सारचा.
रक्त तपासायला गेलो तेव्हा
ज्यांचे खांदे होते त्यांचंही कमीच निघालं.

एप्रिल. डोक्यावर ओला टॉवेल,
वळणावर पोचेपर्यंत कोरडा.
तिघं दारोदार, मी मागून पाण्याची बाटली घेऊन.

गठ्ठा बांधताना तळाशी एक फॉर्म सापडला,
तिचा स्वतःचा.
पाचव्यासमोर, तंबाखूच्या पिवळ्या बोटाचा ठसा,
आणि शेजारी :
चारशे. आणि अकरा फॉर्म.